अर्धी सोडलेली ओळ

"शनिवारचा सगळा गोंधळ हा दाक्षायणीमुळे..." असं म्हणून उदयसिंह सर थांबले, आणि महेश्वरी म्हणाली, "झाला."

शब्द तोंडून गेला तेव्हा तिला तो कळलाच नाही. कळला तो टाळ्या सुरू झाल्यावर. गोल उभी असलेली सगळी माणसं टाळ्या वाजवत होती, कारण 'वर्तुळा'चा नियमच तसा होता. दर सोमवारी सकाळी खुर्च्या भिंतीला लावायच्या, गोल उभं राहायचं, गेल्या आठवड्यात काय चांगलं झालं ते बोलायचं आणि शेवटी गाठ सोडायची. गाठ म्हणजे जिच्यामुळे काम अडलं ती गोष्ट, असं सर नव्या माणसाला समजावून सांगत. पण गोष्ट गोष्ट म्हणता म्हणता ती कुणाचं तरी नाव होऊन बाहेर पडे. नाव निघालं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, म्हणजे मनात काही राहत नाही, आणि ज्याचं नाव निघालं त्यानं म्हणायचं, "थँक यू, टीम." दाक्षायणी म्हणाली. गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालं होतं, ते सरळ करत म्हणाली आणि तिनं महेश्वरीकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसावं आणि ते आपल्याला न बघता पुढं निघून जावं, तेव्हा आपण त्याच्या पाठीकडं बघत राहतो, तसं काहीतरी होतं. मग खुर्च्या परत टेबलांना लागल्या, हेडफोन कानांवर चढले, खाली होटगी रोडवर कुणाचा तरी ट्रक मागं घेताना बराच वेळ पिंपिं करत राहिला, आणि महेश्वरी स्क्रीनसमोर बसून आपल्या तोंडाचा विचार करू लागली. तोंड आपलंच. पण आपल्याला न विचारता बोललेलं.

न विचारता का बोललं, हे तिला लगेच कळलं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. तिसरी-चौथीत असल्यापासून ती कीर्तनात मागं उभी राहत आली होती. त्यांच्या गल्लीतल्या मठात दर शनिवारी संध्याकाळी शिवकीर्तन होतं. मोहोळकडचे पंचाक्षरी बुवा येतात, आप्पा, म्हणजे तिचे वडील चन्नवीर, मृदंगावर बसतात, आणि मागं टाळ घेऊन जी रांग उभी असते तिच्या डाव्या टोकाला महेश्वरी. मागच्यांचं काम सोपं दिसतं. बुवा ओळ म्हणतात, अर्ध्यात सोडतात, राहिलेली ओळ मागच्यांनी उचलायची, यालाच झील धरणं म्हणतात. पण ती कुठं सुटणार हे ठरलेलं नसतं. बुवा कधी पहिल्या शब्दावर सोडतात, कधी शेवटच्या अक्षराला येऊन सोडतात. बोलता बोलता मध्येच एक ओळ गुणगुणतात आणि ती गुणगुण संपायच्या आत मागून आवाज यावा लागतो. शब्द ऐकून उचलायला गेलं तर उशीर होतो. बुवांची पाठ बघायची असते. खांदे किंचित वर गेले, उपरणं मानेपाशी हललं, श्वास आत गेला, की ओळ सुटली. लहानपणी आप्पा तिला सांगत, "ओळ जमिनीवर पडू द्यायची न्हाय, मही. लेकरू झेलावं तशी झेलायची." इतकी वर्षं तिनं ओळी झेलल्या. त्यात विचार नसे. विचार आला की ताल जातो. टाळ वाजत असताना आपण कोण, कुठं नोकरी करतो, कुणाशी भांडलोय, यातलं काही अंगावर राहत नाही, फक्त पुढून अर्धं येतं आणि मागून अर्धं जातं, आणि मध्ये देव बसलेला असतो. महेश्वरीला या जगात एवढं एकच सुख पूर्ण माहीत होतं. आणि सोमवारी सकाळी, एसीच्या गारठ्यात, निळा टी-शर्ट घातलेल्या माणसाचे खांदे किंचित वर गेले आणि तिनं झेललं.

दुपारी जेवायला बसल्यावर दाक्षायणीनं रोजच्यासारखा डबा उघडला, कडक भाकरी मोडली, अर्धी झाकणात ठेवून महेश्वरीपुढं सरकवली आणि वर शेंगाची चटणी ठेवली. ती अक्कलकोटची, नवऱ्याच्या चादरीच्या दुकानात बरीच वर्षं काढून, मुलगा कॉलेजला गेल्यावर कोर्स करून या नोकरीत आलेली. वयानं मोठी, म्हणून महेश्वरी तिला अक्का म्हणायची. "अक्का, मी तसं म्हणणार नव्हते," महेश्वरी म्हणाली. "माहितीय की." "ते तोंडातनं गेलं." "असू दे गं. तू बोललीस ते बरं झालं. दुसरं कोण बोललं असतं तर अजून चार शब्द जास्त बोललं असतं. तू एकातच भागवलंस." आणि ती हसली, खरंच हसली, आणि म्हणाली, "खा. चटणी आज सासूनं कुटलीय, तिखट झाली तर मला बोलू नको, सोमवारी वर्तुळात तिचं नाव घे." महेश्वरीनं घास घेतला. भाकरी कडक होती, कडक भाकरी कडकच असते, पण तिनं दुसरा घास मोडला नाही. कारण शनिवारी काय झालं होतं हे तिला माहीत होतं. त्या मजल्यावर ते पूर्ण माहीत असलेली माणसं दोनच, आणि दुसरे सर. दवाखान्यांच्या लॅबमधले रिपोर्ट ज्यातून निघतात ते सॉफ्टवेअर ही कंपनी सांभाळायची. शुक्रवारी त्यात एक बदल चढवायचा होता. दाक्षायणीचं काम तपासण्याचं. तिनं दुपारीच सांगितलं होतं, हे अजून कच्चं आहे, सोमवारपर्यंत थांबा, उद्या माझी रजा आहे, बहिणीच्या नातवाचं बारसं आहे, सोमवारी आल्या आल्या मी बघते. रजा मंजूर होती. ती पाच-साडेपाचला गेली. मग सर महेश्वरीच्या खुर्चीच्या मागं येऊन उभे राहिले, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून, आणि म्हणाले, "टाक. काही होत नाही. पुण्याच्या मुख्य ऑफिसातून फोनवर फोन येतायत." महेश्वरी म्हणाली होती, "अक्का थांबा म्हणाल्यात, सर." "टाक गं. मी आहे की." तिनं टाकलं. शनिवारी सकाळी कुठल्याच दवाखान्यात एकही रिपोर्ट निघेना. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं बाकांवर बसून राहिली, ऑपरेशनं पुढं गेली, पुण्याहून फोन आला तो ओरडणाराच आला, आणि दाक्षायणी बारशात होती. पाळण्याच्या गाण्यात तिला फोन ऐकू गेला नाही.

मंगळवारपासून महेश्वरी आपल्या टेबलावरच जेवू लागली. काम आहे म्हणाली. दाक्षायणीनं एकदा मान वर करून बघितलं आणि परत डब्यात घातली.

ही कंपनी वाईट आहे असं महेश्वरीला कधी वाटलं नव्हतं, आणि आताही वाटत होतं की नाही हे तिला सांगता आलं नसतं. पुण्याला ती दोन वर्षं राहून सोलापूरला परतली होती. तिथं शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला तिचं नाव माहीत नव्हतं. इथं सरांना आप्पांच्या गुडघ्याचंसुद्धा माहीत. दिवाळीला ते प्रत्येकाच्या घरी जाऊन आले होते, तिच्याकडं चहा पिऊन मृदंगावर थाप मारून गेले होते. "मी नातेपुत्याचा. सप्त्यात वाढलोय, काका," ते आप्पांना म्हणाले होते, "पखवाजाचा आवाज आला की मला शाळेत बसवायचं नाही." आप्पांना माणूस आवडला. कंपनीत बसून ते म्हणायचे, आपण कुटुंब आहोत, आणि कुटुंब असल्यामुळे सर उठल्याशिवाय कुणी उठत नसे, रविवारी ग्रुपवर आलेल्या निरोपाला अंगठा दाखवायला उशीर झाला तर सोमवारी विचारलं जाई, आणि आजारपणाची रजा मागणाऱ्याला सर स्वतः फोन करून इतक्या मायेनं चौकशी करत की माणूस ताप घेऊन कामावर येई. रागावणं नव्हतं. आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. फक्त आठवड्यातून एकदा गोल उभं राहायचं. नवी आलेली एक मुलगी पहिल्या वर्तुळात रडली होती, तर सगळ्यांनी तिला जवळ घेतलं. पुढच्या वर्तुळात तिनंच दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. महेश्वरीही. तिच्या टाळ्या तर उलट चांगल्या बसत, सवयीचा हात. सर एकदा गमतीनं म्हणालेही होते, "आपलं हे कीर्तनच आहे बरं का. मी पुढं, तुम्ही मागं. महेश्वरी, हो की नाही?" आणि तिला तेव्हा छान वाटलं होतं. आपल्याकडचं काहीतरी या काचेच्या खोलीत आलं, म्हणून. आता ती ते वाक्य जिभेखाली धरलेल्या खड्यासारखं इकडून तिकडं फिरवत होती. टाळ्या. मठातही तेच दोन हात. आवाजात फरक सांगता येईल का? तिनं टेबलाखाली हळूच एक टाळी वाजवून बघितली. काही सांगता येईना.

बुधवारी परत झालं. वर्तुळ नव्हतं, नुसतेच सगळे चहाच्या मशीनपाशी उभे होते. सर आले, अजिंक्यच्या पाठीवर हात टाकून म्हणाले, "आमच्या अजिंक्यला काम सगळं येतं, फक्त रोज सहा वाजले की घरी जायची..." "घाई," महेश्वरी म्हणाली. हशा झाला. अजिंक्यही हसला, हसताना त्याचे कान लाल झाले. त्याच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली होती, तिला सांभाळणारी बाई सातला जायची, हे महेश्वरीला माहीत होतं. तिनं सरांकडं बघितलं. सर तिच्याकडंच बघत होते, कौतुकानं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं: सोमवारी ते शब्द शोधत असतील, आज शोधत नव्हते. आज त्यांनी श्वास घेऊन जागा सोडली होती. सप्त्यात वाढलेला माणूस. त्याला मागं उभं राहणारं तोंड सापडलं होतं. "आयला, तू तर सरांची झीलच धरायला लागलीस की," अजिंक्य नंतर कॉरिडॉरमध्ये म्हणाला, हसतच, पण तिच्याकडं न बघता. "माझ्या आईबद्दल पण पुढची ओळ म्हणून टाक, एकदाच." ती जिन्याकडं वळली. जिन्याच्या खिडकीतून खालच्या शोरूमची गच्ची दिसत होती, तिथं कुणीतरी फ्लेक्सच्या पट्ट्या वाळत घातल्या होत्या, त्यावर कुणाचा तरी हसरा चेहरा उन्हात सुरकुतला होता.

शुक्रवारी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. एचआरमधली संस्कृती नावाची मुलगी आधीच बसलेली होती, लॅपटॉप मिटून. सर बोलत होते ते नेहमीसारखंच, हळू, आपुलकीनं. पुण्याला उत्तर द्यायचंय. नाव द्यावं लागतं. दाक्षायणीबद्दल कुणाचं वाईट नाही, पण या वयात हे काम झेपत नसेल तर तिनंच मोकळेपणानं थांबावं, काढणं-बिढणं आपल्या कुटुंबात बसत नाही. "सोमवारी वर्तुळात विषय पूर्ण करू. तिचं तिला कळलं पाहिजे, म्हणजे संस्कृती नंतर तिच्याशी बोलेल. मी सुरुवात करतो. तू आहेसच मागं." महेश्वरी म्हणाली, "सर, मागच्या शुक्रवारी ते मी..." "तुझं नाव मी येऊ देणार नाही," सर लगेच म्हणाले. "तू काळजी करू नको. तू पुढं यायला हवीस आता, मागं किती दिवस उभी राहणार?" आणि हसले. संस्कृती टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. केबिनच्या बाहेर येताना महेश्वरीला दाक्षायणीची पाठ दिसली. तिच्या केसांत पिवळं फूल होतं. ती स्क्रीनजवळ वाकून काहीतरी तपासत होती, ओळीवर बोट ठेवून, जसं पोथी वाचताना ठेवतात.

शनिवारी संध्याकाळी मठात गर्दी बरी होती. उकाडा होता, दोन्ही पंखे बुवांच्या अंगावर सोडलेले, मागच्या रांगेला वारा नाही. महेश्वरीनं टाळ घेतले, दोरी बोटांना गुंडाळली, कपाळावर भस्माचे पट्टे ओढले होते ते घामानं ओघळू लागले. बुवांनी शेला सारखा केला, डोळे मिटले आणि ओळ धरली, 'रिते घेऊनिया हात, उभा दारी विश्वनाथा'. साधी चाल, मागच्यांना पाठ. पहिल्यांदा उचलली, दुसऱ्यांदा उचलली, आप्पांचा मृदंग खाली दुडक्या चालीनं चालू झाला आणि महेश्वरीला वाटलं, आता सुटलो आपण, आता आठवडा अंगावरून उतरेल. बुवा निरूपणात शिरले. दारात उभं राहणाऱ्याचे हात रिते का, तर ज्यानं भरलेले आणले तो देणारा झाला, त्याला कशाला दार पाहिजे, लोक हसले, बुवा हलकेच परत ओळीवर आले, "रिते घेऊनिया..." त्यांचे खांदे वर गेले, उपरणं हललं, आणि महेश्वरीला त्या पाठीवर निळा टी-शर्ट दिसला. तिचं तोंड बंद झालं. नुसतं बंद नाही, दाढा एकावर एक बसल्या. डावं टोक गप्प राहिलं की उजवं अडखळतं, कारण डावीकडून तीच पहिली निघायची. ओळ पडली. क्षणभरच. मृदंगाचा एक बोल त्या रिकाम्या जागेत एकटा वाजला. मग उजवीकडच्या निंगव्वा मावशींनी सावरलं, बुवा थांबलेसुद्धा नाहीत. पण आप्पांनी मान वळवून बघितलं होतं.

कीर्तन संपलं की त्यांच्याकडं सगळे एकमेकांना वाकून शरणार्थ करतात. लहान मोठ्याला करतो, मोठा लहानाला करतो, बुवाही रांगेत येऊन एकेकाच्या पायाला हात लावतात. पंचाक्षरी बुवा तिच्यासमोर वाकले आणि ती एक पाऊल मागं सरली. "का गं माय?" बुवा तसेच वाकलेले, मान तेवढी वर करून म्हणाले. "आज मी ओळ पाडली, बुवा." "मग? पडली तर पडली. माझी तर दर शनिवारी पडती, तुमी हायसा म्हणून कळत न्हाय कुणाला." त्यांनी हात पुढं करून तिच्या पायांना लावला आणि तो स्वतःच्या कपाळाला लावला, आणि पुढच्या माणसाकडं गेले. तिच्या पायाच्या अंगठ्यापाशी त्यांच्या घामाचा ओला ठसा उमटला होता. ती तो वाळेपर्यंत बघत राहिली.

घरी चालत जाताना आप्पांनी मृदंग खांद्यावर घेतला होता, तिला घेऊ देत नसत. बाळीवेशीतली दुकानं बंद होत होती. "जीव थाऱ्यावर नव्हता आज तुझा," ते म्हणाले. मग तिनं सांगितलं. सगळं नाही, एवढंच की ऑफिसात सगळ्यांसमोर एकाचं नाव घ्यायचं असतं, आणि सोमवारी तिला घ्यायचंय. आप्पा गुडघा धरून पायरी उतरावी तसे चालत राहिले. "ते मोहोळच्या पलीकडचं गाव आठवतंय का तुला, तू लहान होतीस, झोपलेली असशील," ते म्हणाले. "देवळातला भोंगा चोरीला गेला होता. कुणी नेला ते गावाला सगळ्याला म्हाईत. त्यो म्होरंच बसलेला, कीर्तनाला. पाटलानं मधीच उठून बुवांच्या कानात सांगितलं, घ्या की नाव, तुमच्या तोंडून आलं की त्यो कबूल हुईल." "मग?" "मग काय. बुवा म्हनले, हितं उभं ऱ्हाऊन मला माझंच नाव घेता येतं. ह्यो ऐकायला आलाय. ऐकायला आलेल्याचं नाव मी घेत न्हाय." "आणि भोंगा?" आप्पा हसले. "भोंगा काय गावला न्हाय. अजून बिनभोंग्याचंच देऊळ हाय ते." आणि थोडं पुढं गेल्यावर, जणू दुसऱ्याच कुणाशी बोलत असल्यासारखे, "पुण्याला परत जायची पाळी आली तर जा. माझ्यासाठी थांबू नको. टाळ तितं बी मिळत्यात." तिनं त्यांच्याकडं बघितलं. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं, सांगितलेलं आणि न सांगितलेलंही. सोलापुरात असली दुसरी कंपनी नव्हती; ही सुटली की शहर सुटणार, शनिवार सुटणार, रांगेचं डावं टोक सुटणार, आणि आप्पा मृदंग खांद्यावर घेऊन या रस्त्यानं एकटे चालणार. ती रविवारभर हेच बघत राहिली: रस्ता, खांदा, मृदंग. आणि मधूनच, ओळीवर ठेवलेलं दाक्षायणीचं बोट.

सोमवारी खुर्च्या भिंतीला लागल्या. माणसं गोल उभी राहिली. कुणाचं काय चांगलं झालं ते बोलून झालं, कुणाच्या तरी भावाचं लग्न ठरलं होतं, त्याला टाळ्या झाल्या. दाक्षायणी समोरच उभी होती, आज फूल नव्हतं, ओळखपत्र सरळ होतं. तिला काहीतरी कळलेलं असावं. असल्या गोष्टी काचेतूनही कळतात. "आता गाठ," सर म्हणाले. "मागच्या सोमवारी आपण सुरुवात केलीय, अर्धवट ठेवायची नाही. मन मोठं करून बोलायचं. दवाखान्यातली माणसं उपाशी बसली, ते दुःख आपलं आहे. आणि ते आपल्यावर दाक्षायणीमुळे..." खांदे वर गेले. महेश्वरीच्या घशात शब्द आला, टाळूपर्यंत आला, इतका तयार की जीभ हलवायचीसुद्धा गरज नव्हती. तिनं दाढा आवळल्या. ओळ पडली. एसीचा आवाज मोठा झाला. सरांनी तिच्याकडं बघितलं, भुवई उचलली आणि बुवा कधीकधी मागच्यांना जागं करायला तीच ओळ वरच्या पट्टीत घेतात, तशी घेतली, "दाक्षायणीमुळे आपल्यावर..."

"अक्का थांबा म्हणाल्या होत्या," महेश्वरी म्हणाली. "त्या शुक्रवारी. कच्चं आहे म्हणाल्या होत्या. त्या गेल्यावर ते मी चढवलं. महेश्वरीनं. माझ्या हातानं. न तपासता." वर्तुळात कुणीतरी पाय बदलला. टाळ्यांसाठी उचललेले एक-दोन हात अर्ध्यात थांबले, कारण नाव निघालं होतं, पण ते बोलणारीचंच निघालं होतं, आणि अशा वेळी काय करायचं याचा नियम नव्हता. "अगं, पण तू मनानं कशी टाकशील?" अजिंक्य म्हणाला; त्याला खरंच कळत नव्हतं. महेश्वरीनं त्याच्याकडं बघितलं नाही. ऐकायला आलेल्याचं नाव घ्यायचं नव्हतं. ती सरळ सरांसमोर वळली, कुणाच्या पाठीकडं बघून नाही, आयुष्यात पहिल्यांदा समोरून, आणि श्वास घेऊन म्हणाली, "माझ्या खुर्चीच्या मागून मला 'टाक' म्हणून एक आवाज आला. तो आवाज..."

आणि तिनं ओळ सोडली.

सप्त्यात वाढलेल्या माणसाचे ओठ उघडले. तिनं ते बघितलं, सगळ्यांनी बघितलं. श्वास आत गेला, गळ्यातलं हाड वर गेलं, शब्द तिथपर्यंत आला होता. खालच्या रस्त्यावर एक रिक्षा चालू होता होता बंद पडली. मग सरांनी ओठ मिटले, खिशातला न वाजलेला फोन काढून बघितला आणि म्हणाले, "चला. कामाला लागू." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खुर्च्या परत टेबलांना लागल्या, त्या नेहमीपेक्षा हळू लागल्या, जमिनीवर घासल्याचा आवाज होऊ न देता. अजिंक्य जाताना तिच्या टेबलाच्या कडेला बोटानं एकदा टकटक करून गेला. संस्कृती दाक्षायणीच्या टेबलापर्यंत आली, लॅपटॉप छातीशी धरून उभी राहिली आणि तशीच परत गेली.

दुपारी महेश्वरी आपणहून उठली आणि दाक्षायणीसमोर जाऊन बसली. दाक्षायणीनं डबा उघडला. भाकरी मोडली, अर्धी झाकणात ठेवली. "ऊटा माड," जेव, दाक्षायणी पुटपुटली, आणि चटणीवर तेल ओतू लागली. तेवढ्यात संस्कृती दारात आली. "महेश्वरी, सर बोलावतायत. पुण्याचे लोकही आहेत कॉलवर." तिनं मान खाली घालूनच सांगितलं. महेश्वरीनं हात रुमालाला पुसले. बोटांवर दोऱ्यांचे जुने, पांढुरके वळ होते, टाळांचे. ते पुसून जात नाहीत. ती उठली आणि दाराशी पोचली तेव्हा मागून दाक्षायणीचा आवाज आला.

"जा तू, मही. भाकरी झाकून ठेवते. आल्याशिवाय मी पण जेवत नाही."